मार्चमध्ये श्रीलंकेला मोटारसायकलनं एकट्यानं वेढा: जमतं का?

वणाकाठ

जय भीम, नमस्कार मंडळी.

मी हिंगणघाट तालुक्यातला. घरची थोडी शेती आहे, कपाशी आणि हरभरा, पण चूल पेटते ती मोटर वायंडिंगच्या दुकानावर. उन्हाळा चढला की गावोगावच्या जळलेल्या मोटरी माझ्याकडे येऊन पडतात, मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीपासून कापूस वेचणी. मोकळा वेळ सापडतो तो हरभरा निघाल्यावर, मार्चमध्ये, आणि तोही पंधरवडाच धरा.

डोक्यात श्रीलंका बसली आहे. एकट्यानं, मोटारसायकलवर, समुद्राच्या कडेकडेनं बेटाला पूर्ण वेढा. मागं कोकणात सागरी रस्त्यानं गेलो होतो. दाभोळच्या फेरीबोटीवर पल्सर चढवली तेव्हा बाजूच्या कोळीणबाईंनी नंबरप्लेट पाहून विचारलं, वर्धा कुठं आलं? म्हटलं, समुद्राकडं पाठ करून अख्खा दिवस गाडी हाणली तरी येत नाही, तिथं आलं. तेव्हापासून खाऱ्या वाऱ्याची चटक लागली ती लागलीच.

दुसरं कारण अनुराधापूर. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष अनुराधापूरच्या महाबोधीच्या फांद्यांपासून वाढवलेला आहे, भदंत आनंद कौसल्यायनांनी आणलेला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही गावचे लोक दरसाल नागपूरला जातो, पण गर्दीत त्या झाडाजवळ टेकायला मिळत नाही. मूळ झाडाजवळ निवांत बसायचं आहे.

आता विचारायचं ते. नागपट्टिणमहून लंकेला जहाज सुरू झालंय म्हणतात, तर माझी पल्सर नेता येईल का? पंधरवड्यात वेढा होतो का? मार्चमध्ये पाऊस गाठतो का? बेटाला कोणत्या अंगानं फिरायचं? सिंहली-तमिळचं एक अक्षर येत नाही, इंग्रजी येतं ते बिल लिहिण्यापुरतं. विमानात पाने-पेंचिस नेऊ देतात का? आणि काही झालं तरी १४ एप्रिलच्या आधी गावात पाहिजे, जयंतीच्या मिरवणुकीचा जनरेटर माझ्याच अंगावर असतो.

हेल्मेटवर रेडियमवाल्याकडून तथागतांचा चेहरा करून घेतलाय. मस्त जमलाय. फोटो टाकतो संध्याकाळी.

कोळसापट्टा

भाऊ, पल्सर घरी ठेवा. नागपट्टिणम ते कांकेसन्थुरै (जाफन्याजवळचं बंदर) बोट ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, मध्ये बंद पडली, ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा चालू झाली. पण ती नुसती माणसं नेते. गाडी न्यायची तर पेटीत भरून मालवाहू जहाजानं कोलंबो बंदरात उतरवायची, वर कार्नेट, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात न्यायचा कस्टमचा कागद, काढायचं, त्याची हमी भरायची, कस्टमच्या खेटा घालायच्या. पंधरवड्याच्या फिरण्यासाठी हा घोर कोण घेतं? आणि गरजही नाही. तिथल्या रस्त्यावर बजाज, टीव्हीएस, हिरो याच गाड्या जास्त दिसतात. खेड्यातला मिस्त्रीसुद्धा पल्सर डोळे झाकून खोलतो. तुम्ही स्वतः हात काळे करणारे, तुम्हाला कसली भीती. पाने मोठ्या बॅगेत टाकून कार्गोत द्या, हातातल्या पिशवीत ठेवाल तर विमानतळावर काढून घेतील.

जायचं असं: वर्ध्याहून किंवा नागपूरहून रेल्वेनं चेन्नई, तिथून विमानानं कोलंबो, सव्वा तासाचं काम. विमानतळ कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे, नेगोंबोला लागून. भाड्याची गाडी नेगोंबोतच घ्या म्हणजे कोलंबोच्या गर्दीत शिरावं लागत नाही.

पण त्याआधी कागद. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, हजार रुपये फी आहे, वर्षभर चालतो. तुमच्या लायसनवर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग आहे ना ते पाहा. तेवढ्यानं भागत नाही. कोलंबोत गॉल फेसजवळ ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ सिलोनचं कार्यालय आहे, ते तुमचा परवाना पाहून मान्यतेचा कागद देतात. पुष्कळ गाडीवाले आधी कागदांचे फोटो मागवून हे काम करून ठेवतात, पोचण्याआधीच त्यांच्या मागं लागा. हा कागद नसला तर पोलिसाचा दंड राहू द्या, अपघात झाला तर विमा कंपनी तुम्हाला दारातही उभं करणार नाही. प्रवासी विमा घेताना त्यात दुचाकी धरली आहे का आणि किती सीसीपर्यंत, तेही वाचा.

पावसाचं तुमचं नशीब जोरावर आहे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोलंबो-गॉलकडं कोसळतो, तेव्हा पूर्व किनारा कोरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी उलट, पूर्व आणि उत्तर भिजते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्हीकडं, वर वादळं. सगळं बेट एकदम बरं असतं ते फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिल लागेपर्यंत. म्हणजे हरभऱ्यानं तुमचा मुहूर्त काढून दिला. एप्रिलच्या मध्यात गेलात तर फसाल, कारण १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं, दुकानं बंद, जो तो आपापल्या गावी.

आता खरी गोष्ट. तुम्ही म्हणता कडेकडेनं पूर्ण वेढा. तो होत नाही. नकाशावर बेट गोल दिसतं म्हणून रस्ताही गोल असेल असं वाटतं, पण किनारा दोन मोठ्या जंगलांनी तोडलाय. पश्चिमेला पुत्तलमच्या वर विल्पत्तू, आग्नेयेला अरुगम बेच्या खाली ‘याला’ नावाचं जंगल. दोन्हीकडं आत वळावंच लागतं. मी जायच्या आधी यावर फार चरफडलो होतो. पण तुम्ही चरफडू नका, कारण विल्पत्तूला वळसा घालणारा रस्ता पुत्तलमहून सरळ अनुराधापूरला नेतो. तुमचं झाड वाटेतच आहे, वेगळं जावं लागत नाही.

फिरा घड्याळाच्या काट्याप्रमाणं. तिथं आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, तेव्हा या दिशेनं गेलं की समुद्र कायम डाव्या हाताला राहतो. मनात आलं की गाडी बाजूला घेतली, उतरलो, पाहिलं. समोरून येणाऱ्या खासगी बसची भीक मागत रस्ता ओलांडायला नको. या बसवाल्यांबद्दल एकदाच सांगतो: ते तुमच्यासाठी डांबर सोडणार नाहीत. गॉल रोडवर तर मुळीच नाही. तुम्ही सोडा.

अनुराधापूरहून मेदवच्छियावरून मन्नार. इथं एक जुनी गोरखचिंच आहे, बुंधा असा की दहा माणसांनी हात धरले तरी कवेत येते की नाही सांगता येत नाही. रस्त्यावर मोकाट गाढवं. तलैमन्नारच्या टोकाला जाऊन उभे राहा, समोर रामसेतूच्या वाळूच्या रेघा आणि पलीकडं आपलं धनुष्कोडी. १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळात धनुष्कोडी वाहून जाईपर्यंत रेल्वेतून उतरून याच पट्ट्यात बोटीनं लंकेत यायचे लोक.

मन्नारला टाकी भरा. पुढं पूनेरीनपर्यंतचा ए-३२ रस्ता ओसाड आहे, दोन्ही अंगाला खुरटी झाडं आणि मिठाळ जमीन. मग सांगुपिड्डीचा पूल, २०११ साली झालेला, आणि जाफना. या सगळ्या उत्तरेत एक पाळा: लघवीलासुद्धा रस्ता सोडून झुडपात शिरायचं नाही. युद्ध २००९ ला संपलं, पण सुरुंग काढायचं काम अजून निघतं. कवटीचं चित्र असलेली लाल पाटी दिसली की ती शोभेची नाही.

जाफन्यात एक दिवस जास्त काढा. बेटाबेटांना जोडणाऱ्या बांधावरून कुरिकट्टुवानपर्यंत गाडी जाते, दोन्ही बाजूला पाणी, उंची अगदी कमी. त्या बांधावर वारा आडवा येतो, गाडी हलकी असेल तर हँडल सारखं दाबून धरावं लागतं. मला सगळ्या प्रवासात हाच तुकडा आवडला, समुद्राच्या मधोमध पॅशन प्रो चालवतोय आणि शेजारून बगळे चालत आहेत. धक्क्यावर गाडी ठेवून बोटीनं नैनातीवू. तिथं नागपूषणी अम्मनचं देऊळ आणि नागदीप विहार एकाच बेटावर. भगवान बुद्ध इथं आले होते अशी सिंहली परंपरा आहे.

मुल्लैतीवूकडून खाली उतरताना कोक्किलाईचं खारं सरोवर आडवं येतं, वळसा घालून पुलमोड्डै गाठायचं. त्रिंकोमालीला खडकाळ समुद्र भेटेल. स्वामी रॉकचा कडा सरळ पाण्यात तुटलेला आहे, वर कोणेश्वरमचं देऊळ, कड्यात एक मोठी चीर आहे तिला रावणाच्या तलवारीचा घाव म्हणतात. आणि गंमत म्हणजे किल्ल्यात, गावात, बसस्टँडपर्यंत चितळं हिंडतात, ताडोब्यात जिप्सीचे पैसे भरून पाहतो तीच. लोक ढुंकूनही पाहत नाहीत.

त्रिंकोमाली ते बट्टिकलोआ पूर्वी फेरीबोटीतून जावं लागे, आता सगळीकडं पूल आहेत, किन्नियाचा मोठा २००९ चा. तिथून अरुगम बे. मग दुसरा वळसा: मोनरागला, बुत्तला, कतरगाम. बुत्तला-कतरगाम रस्ता यालाच्या काठानं जातो आणि हत्ती रस्त्यात उभे राहून फळं मागतात, कारण लोकांनीच सवय लावली. मोटारवाल्याला काच तरी असते. सकाळी आठ-नऊनंतर, मोठ्या गाडीच्या मागं राहून जा आणि हत्ती दिसला की दूरच थांबून गाडी वळवून ठेवा, इंजिन बंद करू नका. आपल्याकडं मोहर्लीच्या रस्त्यावर वाघ दिसला तर तो त्याच्या वाटेनं जातो. हत्ती तुमच्या वाटेनं येतो. सूर्य साडेसहाच्या आत बुडतो, पाचला मुक्काम गाठायचा हा नियम पूर्ण बेटाला लावा.

पंधरवड्यात होतं. एकूण पंधराशे किलोमीटरच्या आसपास धरा, पण ताशी चाळीसच्या वर सरासरी पडत नाही. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, गूगल तिकडं ढकलत असेल तर ऐकू नका.

पुसदची_मास्तरीण

दादा, कोळसापट्टा यांनी रस्ता सांगितला, मी हेल्मेटबद्दल सांगते. ते हेल्मेट नेऊ नका.

हसण्यावारी नेऊ नका हो. तिथं बुद्धाचं चित्र अंगावर, कपड्यावर, वस्तूवर वागवणं हा अपमान समजतात. २०१४ साली दंडावर बुद्धाचं गोंदण असलेल्या एका ब्रिटिश बाईंना विमानतळावरूनच पकडून परत पाठवलं होतं. पुढं २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना भरपाई द्यायला लावली ही वेगळी गोष्ट, पण तेवढ्यासाठी तुमची सुट्टी कोण परत देणार? आपण श्रद्धेनं करतो, त्यांना ते कळायला तुमचं इंग्रजी आणि त्यांचं इंग्रजी दोन्ही पुरणार नाही. हातावर गोंदण असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. मूर्तीकडं पाठ करून सेल्फी काढायचा नाही, हे लोक लगेच येऊन सांगतात, काही वेळा रागानंच.

मी फक्त दक्षिण किनारा केला, कोलंबो ते तिस्समहाराम आणि परत, स्कूटरवर. एकटी बाई म्हणून भीती घातली होती सगळ्यांनी. चौकशा फार होतात, लग्न झालं का, नवरा कुठं, यवतमाळच्या एसटीत होतात तितक्याच. त्रास मला झाला तो गाडीवाल्याचा. परत देताना मागच्या मडगार्डवरचा जुना ओरखडा माझ्या नावावर टाकला आणि अनामत कापली. तेव्हा घेतानाच गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, त्याच्यासमोर. पासपोर्ट ठेवून घेतो म्हणाला तर दुसरं दुकान पाहा.

अनुराधापूरला विहारात चपला आणि टोपी बाहेर. मार्चच्या दुपारी रुवनवेलिसाय स्तूपाच्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही, म्हणून मोजे ठेवा, पुष्कळ लोक मोज्यांवर फिरतात. माझी मैत्रीण गेली होती ती मोजे घेऊनच. पांढरे कपडे घालून जा, पहाटे जा. महाबोधीला सोन्याचा कठडा आहे, फांद्यांना टेकू आहेत, आणि पांढऱ्या साड्यांतल्या बाया भिंतीला टेकून तासन् तास सुत्तं म्हणत बसलेल्या असतात. तुम्ही बसलात तर कोणी उठवणार नाही. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात संघमित्रा थेरींनी फांदी आणली, तेव्हापासूनची राखण आहे. जेतवनाराम स्तूपही पाहा, विटांचा एवढा ढीग आजवर पाहिलेला नाही असं मैत्रीण म्हणते. आणि पोया, म्हणजे पौर्णिमा, दर महिन्याची सुट्टी असते. दारू-मटणाची दुकानं बंद, कार्यालयं बंद. तुमचं परवान्याचं काम त्या दिवशी पडू देऊ नका.

शाकाहारी असाल तर सांभाळा, नारळाच्या चटणीतसुद्धा वाळवलेल्या मासळीचा चुरा असतो. जाफन्याकडं सैव हॉटेलं शुद्ध शाकाहारी. मासळी चालत असेल तर प्रश्नच नाही, दुपारचा भात-भाजीचा पुडा कुठल्याही टपरीवर मिळतो आणि तिखट आपल्या तोडीचं असतं. पिवळी शहाळी पीत राहा, थंबिली म्हणतात. तिस्समहारामकडं रस्त्याकडेला मडक्यातलं म्हशीचं दही आणि कितुल नावाच्या माडाचा पाक, तेवढ्यासाठी थांबाच.

डिक्वेल्लाजवळ हुम्मानय आहे, खडकाच्या भोकातून समुद्राचं पाणी उसळून वर येतं. लाट मोठी असेल तरच, नाहीतर नुसताच खडक पाहून परत यावं लागतं, आणि तिकीट तेवढंच. गॉलच्या पुढं पेरलियाला मात्र गाडी थांबवा. २००४ च्या त्सुनामीत इथं रेल्वेगाडीच बुडाली, हजाराहून जास्त माणसं गेली. आता शेजारी जपानी मदतीनं उभारलेली उंच बुद्धमूर्ती आहे. समोरून बसगाड्या तशाच भरधाव जातात.

ठेचा_भाकर

काहून जाता रे एवढ्या दूर? समुद्रच पाहाचा त गणपतीपुळे हाय. बरं, जाच म्हणता त जा बाप्पा, पण त्या हत्तीच्या रस्त्याले एकटा जाजो नको. आन् मायले काय सांगून जाशील?

वणाकाठ

काका, आईला नाव अनुराधापूरचंच सांगितलंय, बाकीचं बेट वाटेत लागतं म्हणून. ती म्हणाली, मग मला पण ने.

ताई, हेल्मेटचं डोक्यातच आलं नव्हतं. साधं घेतो. दंडावर गोंदणही आहे, दीक्षाभूमीवरच काढलेलं, तेव्हा पूर्ण बाह्याच. अजून एक विचारतो, १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला कँडीला आले होते. कँडी या वेढ्यात बसवता येईल का?

कोळसापट्टा

बसवू नका. पंधरवडा आधीच गच्च आहे आणि घाटात धुकं-पाऊस धरला की अर्धा दिवस जातो. गाडी परत करा, मग कोलंबो फोर्टहून रेल्वेनं कँडी. तीन तासांत पोचता, बुद्धांच्या दंतधातूचं विहार, परिषदेची जागा सगळं पायी. परतीचं विमान त्याच्या दुसऱ्या दिवशीचं ठेवा.

आई यायची म्हणत असतील तर तेच करा, तिला शेवटच्या दोन दिवसांना बोलवा. अनुराधापूरलाही कोलंबोहून रेल्वे जाते. पण गाडीवर मागं बसवून वेढा घालू नका, एकट्याचं सामान घेऊन जाणंच त्या रस्त्यांवर पुरे आहे.

वणाकाठ

हे पटलं. मग तिकीट मार्चच्या पहिल्या आठवड्याचं काढतो. हरभरा फेब्रुवारीच्या शेवटी निघेल असा अंदाज आहे. आईचा पासपोर्ट काढायला टाकतो.

ठेचा_भाकर

अंदाजावर तिकीट नको काढू. हार्वेस्टरवाल्याले आजच विसार देऊन ठेवजो, मार्चमंदी अख्खा तालुका त्याच्या मांगं राह्यते. मायं गेल्या साली सोळा दिवस ढिगावर ताडपत्री टाकून बसाचं काम झालं होतं.